केरी, कैरी आणि तीनशे शब्दांचा गोषवारा

आदरणीय ताई,

मी बडोद्याची. दांडिया बाजारात आमच्या चार पिढ्या गेल्या. वय सदतीस, शाळेत शिकवते आणि तीन वर्षांपासून नोकरी सांभाळून इतिहासात पीएच.डी. करते आहे. घरात मराठी, पण शिक्षण सगळं गुजराती माध्यमातून.

आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत घरखर्चाच्या चार वह्या सापडल्या. १९११ ते १९३८ पर्यंतच्या, मधली काही वर्षं गहाळ. पहिल्या दोन खापरपणजोबांच्या हातच्या, मोडीत. ते सरकारी कचेरीत कारकून होते. पुढच्या दोन पणजीच्या, बाळबोधीत म्हणजे देवनागरीत. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. पणजी बाजारातून आणलेल्या जिनसा गुजरातीत लिहिते : शाक, केरी, खांड, राई. पण त्या कशासाठी आणल्या हे लिहिताना ती मराठीवर येते : भाजी, लोणचं, पाक. खापरपणजोबांच्या वह्यांत असं दिसत नाही, त्यांचा बाजारही मराठीतच आहे.

दोन वर्षांत तीन कॉन्फरन्सना अॅबस्ट्रॅक्ट (निबंधाचे थोडक्यात सारांश) पाठवले, तिन्ही नाकारले गेले. एकाच ठिकाणाहून शेरा आला : ‘विषय फार व्यापक, नेमके काय मांडायचे आहे ते कळत नाही.’ माझे गाइड म्हणतात, पाठवत राहा, लागेल कुठेतरी. चौथ्या ठिकाणची मुदत दीड महिन्यावर आहे, विषय ‘घर, बाजार आणि भाषा’. मध्येच एका ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदेचा ईमेल आला. पाठवल्यापासून दोन दिवसांत स्वीकृती, फी अठरा हजार रुपये. घरचे म्हणतात, एकदा जाऊन ये, निदान सर्टिफिकेट तरी मिळेल.

खरं सांगू का, आता हात चालत नाही. आमचं मराठी पुण्यामुंबईसारखं नाही, इंग्रजी त्याहून कच्चं. आणि एका घराच्या वह्यांवर कोणी का विश्वास ठेवावा, हा प्रश्न मलाच पडतो. तिसऱ्या वेळी पाठवलेला अॅबस्ट्रॅक्ट आणि वहीच्या एका पानाचा फोटो सोबत जोडते आहे. काय चुकतंय ते सांगाल का?

एक वाचक, बडोदा

सप्रेम नमस्कार.

आधी तुमचं पत्र वाचलं आणि सरसावून बसले. मग जोडलेला अॅबस्ट्रॅक्ट वाचला आणि त्यात तुम्हाला शोधत राहिले. पत्रातला दुसरा परिच्छेद ज्या बाईने लिहिला, तिनेच हा अॅबस्ट्रॅक्ट लिहिला असेल यावर विश्वास बसेना. तुमचं काय चुकतंय याचं उत्तर खरं तर इतकंच आहे. जे तुम्ही मला मोकळेपणाने सांगितलंत, ते तुम्ही परिषदेला सांगितलेलंच नाही.

तुमच्या अॅबस्ट्रॅक्टची सुरुवात अशी आहे : ‘बडोदे संस्थान हे भारतातील एक प्रगत संस्थान होते. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८७५ ते १९३९ या प्रदीर्घ कारकिर्दीत शिक्षण, ग्रंथालये, समाजसुधारणा अशा अनेक क्षेत्रांत मोलाचे कार्य केले.’ अशा सात वाक्यांनंतर मुद्दा येतो, तोही असा : ‘प्रस्तुत शोधनिबंधात विविध प्राथमिक साधनांच्या आधारे बडोद्यातील मराठी भाषिकांच्या सामाजिक, सांस्कृतिक व भाषिक जीवनाचा आढावा घेण्याचा प्रयत्न करण्यात येणार आहे.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण एकही वाक्य तुमचं नाही. हे सगळं ती पेटी न उघडता कोणालाही लिहिता आलं असतं. पेटी तर तुमच्याच माळ्यावर होती, आणि अख्ख्या अॅबस्ट्रॅक्टमध्ये ‘वही’ हा शब्द नाही. चार वह्यांची बोळवण ‘विविध प्राथमिक साधने’ एवढ्यावर झाली आहे.

निवड कशी होते ते सांगते, म्हणजे हे का घातक ठरतं ते लक्षात येईल. बहुतेक चांगल्या परिषदांत प्रत्येक प्रस्ताव दोन किंवा तीन जणांकडे जातो, बऱ्याचदा नाव-गाव काढून. परीक्षक म्हणजे तुमच्यामाझ्यासारखीच माणसं. दिवसभर शिकवून आलेली, रात्री जेवणं उरकल्यावर तीस-चाळीस प्रस्तावांचा गठ्ठा पुढ्यात घेतलेली. मी स्वतः अशा समित्यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. प्रामाणिकपणे वाचायचं म्हटलं तरी एका प्रस्तावाला पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात परीक्षक चार गोष्टी शोधत असतो : प्रश्न काय आहे, तो कशाच्या आधारे सोडवला, काय सापडलं, आणि हे आमच्या परिषदेच्या विषयात बसतं का. सयाजीरावांनी शिक्षण सक्तीचं केलं हे त्याला माहीत असतं. ते सांगण्यात तुमचे दीडशे शब्द गेले की त्याची पाच मिनिटंही गेली. ‘आढावा घेण्याचा प्रयत्न’ हे शब्द वाचले की मी तरी पेन्सिलीने समासात एक छोटं प्रश्नचिन्ह काढत असे. आढावा कशाचा? प्रयत्न कशासाठी? काम झालंय की व्हायचंय?

आपल्याकडे अॅबस्ट्रॅक्टला ‘गोषवारा’ हा फार चांगला शब्द आहे, आणि तो तुमच्या पेटीतल्याच दुनियेतला आहे. दफ्तरातला, हिशेबातला शब्द. रोजकीर्दीत दररोजच्या नोंदी, खतावणीत खातेवार मांडणी, आणि महिना संपला की गोषवारा : जमा किती, खर्च किती, शिल्लक काय. खापरपणजोबा कारकून होते, त्यांच्या वह्यांत महिन्याच्या शेवटी तो असणारच. त्या गोषवाऱ्यात ते ‘या महिन्यात अनेक प्रकारचे खर्च करण्यात आले’ असं लिहीत नव्हते. आकडा लिहीत होते. तुम्हालाही शिल्लक सांगायची आहे. वह्या वाचून हातात काय उरलं, ते.

आणि तुमच्या हातात पुष्कळ उरलं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या पानावर वरून सातवी नोंद पुन्हा बघा. मी भिंग लावून वाचली. ‘केरी २० नग, राई पाव शेर, कैरीच्या लोणच्यास.’ एकाच ओळीत एकच फळ दोनदा आलंय. विकत घेतलं तेव्हा ते केरी, बरणीत जाणार म्हटल्यावर कैरी. मोहरी तर मोहरी राहिलीच नाही, ती वाण्याकडून आली म्हणून राई झाली, आणि लोणच्याचं मात्र अथाणुं झालं नाही. ही ओळ तुमच्या पत्रात नव्हती, बहुधा तुम्हाला रोज बघून सवयीची झाली असेल. संशोधनात असं होतं. ज्या ओळीने आपल्याला पहिल्यांदा थांबवलं, ती आपणच मागे ढकलतो आणि ‘सामाजिक, सांस्कृतिक व भाषिक’ असले शब्द पुढे करतो, कारण ते भारदस्त वाटतात. तुमच्या प्रस्तावाचं पहिलं वाक्य ही नोंदच असली पाहिजे.

मी एक मसुदा करून पाहिला. हा तसाच पाठवू नका, यातल्या रिकाम्या जागा तुम्हालाच भरायच्या आहेत :

‘“केरी २० नग, राई पाव शेर, कैरीच्या लोणच्यास.” बडोद्यातील एका मराठी कारकुनी कुटुंबाच्या घरखर्चाच्या वहीतील ही नोंद. खासगी संग्रहातील अशा चार वह्या (१९११ ते १९३८, मधली काही वर्षे अनुपलब्ध) या निबंधाचा आधार आहेत. पहिल्या दोन मोडी लिपीत, घरातील पुरुषाने लिहिलेल्या. पुढच्या दोन बाळबोधीत, घरातील स्त्रीने लिहिलेल्या. पुढच्या वह्यांत विकत आणलेल्या जिनसांची नावे प्रामुख्याने गुजराती, तर त्या जिनसा ज्यासाठी आणल्या त्या पदार्थांची नावे मराठी आहेत. आधीच्या वह्यांत हा भेद आढळत नाही. हा फरक काळाचा आहे, की लिहिणाऱ्या व्यक्तीचा? खाद्यजिनसांच्या एकूण … नोंदींची मोजणी करून आणि … अपवादांचा स्वतंत्र विचार करून मी असे मांडते की, या घरात दोन भाषांची वाटणी व्यवहारानुसार झाली होती आणि बाजारहाट ज्याच्या हाती, त्याच्या लेखणीत ती उतरली. १९३१ साली बडोदा सरकारने राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. दरबारी पातळीवरील अशा जाणीवपूर्वक भाषाव्यवहाराच्या शेजारी, स्वयंपाकघरात विनासायास घडलेला हा भाषाव्यवहार ठेवून पाहण्याचा हेतू आहे.’

दीडशे शब्दांच्या आसपास झालं. मर्यादा तीनशेची असेल तर अजून बरीच जागा आहे, पण ती भरलीच पाहिजे असं नाही. यात सयाजीरावांचं नाव नाही, आणि ते नसल्याने त्यांचा मान कमी होत नाही. त्यांच्या काळाची पार्श्वभूमी एका वाक्यात आली आहे, तीसुद्धा तुमच्या प्रश्नाला लागून असलेली. पार्श्वभूमी द्यायची ती अशी, फोडणीइतकी.

आता त्या रिकाम्या जागांकडे येते, कारण खरं काम तिथे आहे. तुम्ही नोंदी मोजल्या आहेत का? पत्रावरून वाटतं की अजून नाही. ‘पणजी असं लिहिते’ हे वाचनातून झालेलं मत आहे. ‘इतक्यांपैकी इतक्या नोंदींत असं आहे’ ही शोधाची शिल्लक. वही मोठी असेल तर प्रत्येक वर्षातले दोन ठरावीक महिने घ्या, उदाहरणार्थ दर वर्षीचा चैत्र आणि आश्विन, आणि तेवढ्यातल्या खाण्याच्या जिनसा एका साध्या एक्सेल शीटमध्ये उतरवा : तारीख, शब्द, विकत की घरचं, मराठी की गुजराती की दोन्हीकडे सारखाच. कांद्यासारखे शब्द वेगळे काढा, नाहीतर ते तुमची मोजणी बिघडवतील. दोन-तीन रविवारांचं काम आहे. आणि जिथे नियम मोडतो त्या नोंदी फेकून देऊ नका, लाल रंगात ठेवा. परिषदेत तुम्हाला जो पहिला प्रश्न विचारला जाईल तो त्या लाल ओळींतूनच येईल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुमच्या वह्यांमध्ये एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात : काळ, लिपी आणि हात. खापरपणजोबा जाऊन पणजी आली, मोडी जाऊन बाळबोध आली, आणि दहाएक वर्षंही गेली. मग शब्द नक्की कशामुळे बदलले? कोणताही जाणकार परीक्षक इथेच बोट ठेवणार. त्याच्या आधी तुम्ही ठेवा. मसुद्यात ‘काळाचा, की व्यक्तीचा?’ हे वाक्य मी म्हणूनच घातलं. आपल्या मांडणीतली अडचण आपणच आधी सांगितली की परीक्षकाला कळतं की या बाईने रात्र-रात्र बसून विचार केलाय.

यासाठी घरात एक चौकशी करा. पणजी मूळची बडोद्याची, की लग्न होऊन बाहेरून आलेली? बडोदे राज्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला, मुलींनासुद्धा. ती इथलीच असेल तर शाळेत कोणत्या माध्यमात शिकली, हे तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जातं. शेजारणी कोण होत्या, भाजी दारावर येई की ती स्वतः आणायला जाई, हेही. खापरपणजोबांनी जिनसांची नावं मराठीत लिहिली ती त्यांच्या तोंडी होती म्हणून, की कचेरीतली लिहिण्याची शिस्त घरीही आली म्हणून? ते बाजारात ‘केरी’ म्हणत असतील आणि लिहिताना ‘आंबे’ लिहीत असतील, हे अगदी शक्य आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे याची उत्तरं असतील तर आजच विचारा, रेकॉर्ड करून ठेवा.

एका घराच्या वह्यांवर कोणी का विश्वास ठेवावा, असं तुम्ही विचारलंत. ‘बडोद्यातील मराठी समाज असा होता’ असं म्हणालात तर ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. ‘एका घरात असं घडलं, ते इतक्या बारकाईने दिसतं, आणि त्यावरून हा प्रश्न इतर घरांना विचारता येईल’ असं म्हणालात तर का ठेवणार नाहीत? चार वह्या कमी नाहीत. त्यांच्यावर जेव्हा अख्ख्या समाजाचं ओझं टाकलं जातं तेव्हा त्या कमी पडतात. दावा वह्यांच्या मापाचा शिवा. शीर्षकातही तेच. तुमचं आत्ताचं शीर्षक ‘बडोदे संस्थानातील मराठी भाषिकांचे सामाजिक, सांस्कृतिक व भाषिक जीवन : एक अभ्यास’ असं आहे. यातलं ‘एक अभ्यास’ आधी काढा, ते काहीच सांगत नाही. ‘केरी आणि कैरी : बडोद्यातील एका मराठी घराच्या खर्चवह्यांतील दोन भाषा (१९११–१९३८)’ असं काहीतरी करा. ठिकाण, काळ, साधन आणि प्रश्न, सगळं त्यात येतं.

भाषेची भीती. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण ही भीती तुमच्या मनात कोणीतरी घातली आहे. पुण्यात वाढलेल्या एखाद्या अभ्यासकाच्या हाती ही वही पडली असती तर त्याने ‘केरी’ हा हस्तदोष समजून ‘कैरी’ असा दुरुस्त केला असता. विषय तिथेच संपला असता! तुमच्या कानांवर दोन्ही शब्द लहानपणापासून पडले म्हणून तुम्हाला तो फरक ऐकू आला. बडोद्याचं मराठी हे या कामात तुमचं न्यून नाही, तेच तुमचं साधन आहे. विद्वानांच्या परिषदा या गावाला नव्या नाहीत. पुण्यात १९१९ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली जी अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद सुरू झाली, तिचं सातवं अधिवेशन १९३३ मध्ये तुमच्याच बडोद्यात भरलं होतं, काशीप्रसाद जयस्वालांच्या अध्यक्षतेखाली. तुमची पणजी त्या वर्षी दांडिया बाजारात बसून केरी आणि राई लिहीत असेल.

परिषद मराठीत प्रस्ताव घेत असेल तर मराठीत पाठवा. इंग्रजीच हवं असेल तरी आधी मराठीत लिहा, पक्कं करा, मग इंग्रजी करा. छोटी वाक्यं ठेवा. केरी, शाक, राई हे शब्द तसेच राहू द्या, त्यांचा अर्थ पहिल्यांदा येतील तिथे एकदा सांगा. व्याकरण कोणाकडून तरी तपासून घेण्यात कमीपणा नाही. तपासणाऱ्याला एवढंच सांगा की चुका काढा, पण वाक्यं ‘भारी’ करू नका. इंग्रजी सुधारणारी माणसं आणि हल्लीची यंत्रं दोघांनाही ती खोड असते. सुधारून आलं की पणजी गायब आणि ‘सामाजिक-सांस्कृतिक आयाम’ हजर.

परिषदेचं निवेदन पुन्हा नीट वाचा. ‘घर, बाजार आणि भाषा’ हा विषय जणू तुमच्यासाठीच ठेवलाय, पण खाली उपविषय दिलेले असतील. त्यांतला एक निवडा आणि प्रस्तावात त्याची नोंद करा. त्यांच्या शब्दांची पोपटपंची मात्र नको. तिन्ही वेळा तुम्ही एकच मजकूर तीन परिषदांना पाठवलात का? मला तशी शंका आहे, कारण जोडलेल्या अॅबस्ट्रॅक्टमध्ये त्या परिषदेच्या विषयाचा मागमूस नाही. ‘पाठवत राहा, लागेल कुठेतरी’ हा तुमच्या गाइडचा सल्ला धीर देणारा आहे, पण पुरेसा नाही. प्रत्येक वेळी नव्याने लिहावं लागतं. आणि ज्या एका ठिकाणाहून शेरा आला त्या माणसाने तुमच्यावर उपकार केले आहेत. त्याने अगदी बरोबर निदान केलं होतं.

पाठवण्याच्या बाबतीत काही बारीक गोष्टी, ज्यांपायी चांगले प्रस्ताव वाया गेलेले मी पाहिले आहेत.

नाव काढून पाठवायचं असेल तर ‘माझ्या पणजीच्या वह्या’ असं लिहू नका, म्हणून मी मसुद्यात ‘खासगी संग्रहातील’ म्हटलंय. निवड झाल्यावर मात्र निबंधात हे नातं स्पष्ट सांगा, लपवायचं त्यात काही नाही. वर्डच्या फाइलमध्ये लेखक म्हणून तुमचं नाव आपोआप नोंदलं जातं, फाइलच्या माहितीत जाऊन तेही पुसा. फाइलच्या नावातही तुमचं नाव नको. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेलं समोरच्या संगणकावर निव्वळ किडेमकोडे दिसतं, आणि परीक्षक तुम्हाला फोन करून विचारणार नाही. पीडीएफ करून दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर उघडून बघा, जोडाक्षरं नीट दिसतायत ना.

मुदतीपुढे ‘एओई’ अशी अक्षरं असतील तर त्याचा अर्थ ‘एनिव्हेअर ऑन अर्थ’, म्हणजे पृथ्वीवर जिथे तो दिवस सर्वांत शेवटी मावळतो तिथली वेळ. त्या हिशेबाने रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे ५.२९. हे सांगितलं ते घाबरून जाऊ नये म्हणून, त्या वेळेपर्यंत थांबण्यासाठी नव्हे. शेवटच्या तासात साइट हमखास अडकते. दोन दिवस आधी पाठवा, आणि पोच आली की तिचा स्क्रीनशॉट ठेवा.

आता ते अठरा हजार रुपये. नका देऊ. घरच्यांनी तुमच्या भल्यासाठीच म्हटलंय, त्यांच्यावर रागावू नका, पण हे त्यांना वाचून दाखवा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या तीन विद्यार्थ्यांनी २००५ साली एक संगणक प्रोग्राम लिहिला. तो विज्ञानाच्या भाषेत निरर्थक निबंध तयार करत असे, आलेख आणि तळटीपांसकट. त्यातला एक त्यांनी एका परिषदेला पाठवला आणि तो चक्क स्वीकारला गेला. तेव्हापासून आजपर्यंत हा धंदा वाढतच गेला आहे. दोन दिवसांत स्वीकृती म्हणजे कोणीही काही वाचलेलं नाही. वैद्यकापासून वाङ्मयापर्यंत सगळे विषय एकाच परिषदेत घेतले असतील, ईमेलमध्ये तुमच्या विषयाचा उल्लेखच नसेल, आयोजक विद्यापीठाऐवजी नुसती एखादी कंपनी असेल, तर दूर राहा. शंका उरलीच तर समितीत ज्यांची नावं छापली आहेत त्यांच्यापैकी एकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल करून विचारा. अनेकदा त्या बिचाऱ्याला आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं. खऱ्या परिषदांनाही फी असते, पण संशोधक विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते. ती मागायला संकोच करू नका. प्रवासखर्चासाठी तुमच्या विद्यापीठाची काही तरतूद आहे का, हे निवड व्हायच्या आधीच विभागात विचारून ठेवा, कारण असे अर्ज फार आधी करावे लागतात.

त्या दीड महिन्याचं काय करायचं तेही सांगते, कारण शाळा, घर आणि हे सगळं एकत्र म्हणजे ओढाताण आहे, ते मी जाणते. पहिले तीन आठवडे फक्त मोजणी. लिहायचं काहीही नाही, मोह झाला तरी. चौथ्या आठवड्यात एका बैठकीत मसुदा लिहा आणि मग तो एखाद्या अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, ज्याला तुमच्या विषयाचं काही माहीत नाही. शाळेतल्या गणिताच्या बाई चालतील. वाचून झाल्यावर विचारा, ‘मला काय सापडलं?’ त्यांनी ‘बडोद्याबद्दल काहीतरी’ असं म्हटलं तर पुन्हा लिहा. ‘तुमची पणजी आंबा विकत घेताना एक नाव लिहायची आणि लोणचं घालताना दुसरं’ असं म्हटलं तर झालं. गाइडना तोच मसुदा दाखवा. निवड झाली तर वीस मिनिटं बोलायला मिळतील. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे दोन हजार शब्दांचं काम. पण ते नंतर, आत्ता त्याची काळजी नको.

आणि एक राहिलं. फोटोतल्या त्याच पानावर खालून तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडलेला आहे. त्याच्यावर ‘भाजी’ लिहिलेलं स्वच्छ वाचता येतं, पण खाली आधी काय होतं ते फोटोत लागत नाही. मला पहिलं अक्षर ‘श’सारखं वाटतंय, पण खात्री नाही. पान दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून बघा, शाई पाठीमागून उमटली असेल तर उलट्या बाजूनेही बघा. तिथे ‘शाक’ असेल, तर पणजीने स्वतःच स्वतःचा शब्द बदलला आहे, आणि मग मी लिहून दिलेलं पहिलं वाक्य बाजूला ठेवून त्या खाडाखोडीपासून सुरुवात करा. काय निघालं ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई